यादीतली तिसरी

आज सकाळपासून शिरगावच्या रस्त्यावर पुन्हा प्रचाराची रिक्षा फिरते आहे. टपावर दोन कर्णे, दोन्ही बाजूंना फलक. आतला माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. वळणावर तो आवाज आमच्या आवाराच्या जांभ्याच्या गडग्यावर आपटतो आणि जरा फाटतो. "आपलं अमूल्य मत वाया घालवू नका," असं तो दर फेरीला बजावतो. मी पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसले होते. बोटं लाल झाली होती. ते वाक्य ऐकलं आणि हात थांबले, कारण मला एकदम तुमच्याकडची निवडणूक आठवली, आणि तो सबंध वैशाख आठवला.

ओवी, नील, निवडणूक झाली तिथे तुम्ही होतात, मी नव्हते. तरी लिहायला बसले आहे. तो मोसम इकडे रत्नागिरीत कसा गेला ते तुम्ही पाहिलेलं नाही. आणि त्या निवडणुकीत तुमची आई हरली एवढंच तुमच्या लक्षात राहिलं आहे, अशी मला शंका आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. लागू दे. मला लिहायलाही लागतोच.

त्या वर्षी थंडी लांबली होती. मोहोर उशिरा धरला, त्यामुळे हापूस एकदम वैशाखात गर्दी करून उतरला. आपली झाडं मोजकीच, पण माजघरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. भाताच्या पेंढ्यावर आंब्यांची अढी घातलेली, आणि तुमचे आजोबा सकाळ-संध्याकाळ एकेक फळ हातात घेऊन, देठाशी नाक नेऊन परत ठेवायचे. तयार झालेला आंबा रंगाच्या आधी वासाने कळतो, असं त्यांचं म्हणणं. दुपारी वारा पडला की तो वास इतका दाट व्हायचा की भांडी घासतानासुद्धा हाताला आंबाच घासल्यासारखं वाटे. त्या वासात रोज फोन वाजायचा. तुमच्याकडची ती सकाळ. तुमची आई, माझी मुग्धा, औषधांच्या दुकानाकडे चालत निघालेली असायची, आणि तिच्या शब्दांच्या मागे वारा ऐकू यायचा. तुमचा वारा आमच्यासारखा थांबून थांबून वाहत नाही. तो कुणीतरी पान फाडत बसल्यासारखा सारखा वाजतो.

अशाच एका फोनवर तिने सांगितलं, "आई, मी पार्लमेंटच्या निवडणुकीला उभी आहे."

माझ्या डोळ्यांपुढे लंडन आलं. तिने समजावलं की लंडन नव्हे, स्कॉटलंडचं स्वतःचं वेगळं पार्लमेंट आहे, त्याची निवडणूक. मी अभिमानाने विचारलं, समोर कोण आहे? तर म्हणाली, समोर असं कुणी नाही, मी यादीत आहे. यादीत कितवी? तिसरी.

खरं सांगते, मला ते रुचलं नाही. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मुलांचे क्रमांक लावले. तिसरी म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. तिसरीला टाळ्या असतात, पण कमी. पण मुग्धाने चिकाटीने समजावलं, आणि मी ते इंग्रजीतून वाचूनही काढलं. तिकडे मतदाराला दोन कागद मिळतात. एका कागदावर आपल्या भागातला माणूस निवडायचा, आपल्याकडे निवडतात तसाच. दुसऱ्या कागदावर पक्ष निवडायचा. चार-दोन शहरं आणि मधली गावं मिळून एक मोठा प्रांत धरतात, आणि त्या प्रांतात दुसऱ्या कागदावर ज्या पक्षाला जेवढी मतं, तेवढा त्याचा वाटा. मग तेवढी माणसं त्या पक्षाच्या यादीतून वरून खाली घेत जायची. मुग्धाच्या पक्षाच्या पहिल्या दोघी नक्की येतील असं म्हणत होते. तिसरीचं तळ्यात-मळ्यात होतं. तिसरी आली तर मुग्धा आली.

एक बारीकशी गोष्ट मात्र तिने मला तेव्हा सांगितली नाही. तिच्याकडे मी येईन.

आमची शेजारीण हमीदा तुम्हाला आठवत असेल. गडग्याच्या खिंडीतून येते, येताना हातात काहीतरी झाकून आणते. तिचे दोन्ही मुलगे, यूसुफ आणि इम्रान, कुवेतला, नवऱ्याची होडी होती ती विकून टाकलेली. दुपारी ती माझ्याबरोबर रातांबे फोडायला बसे. मुग्धा लहानपणी अर्धी तिच्याच घरी वाढली, त्यामुळे निवडणूक तिचीही होती. यादीचा प्रकार मी तिला सांगितला तेव्हा ती हसली.

"आवो बाई, निवडनुकीत येक येतो न बाकीचे घरी जातात. तिसऱ्याला कोन इचारतो?"

तुमचे आजोबा अढीवरून म्हणाले की घोड्यांच्या शर्यतीत तिसऱ्यालाही काहीतरी मिळतं म्हणे. हमीदा म्हणाली, आमच्या पोरीला घोडी म्हनू नका. आणि वर, यादीत कोण कितवा हे ठरवतं कोण, असा बरोबर वर्मावर बोट ठेवणारा प्रश्न विचारला. पक्ष ठरवतो, मी म्हटलं. "मंग यादी करनाऱ्याचं फावलं," ती म्हणाली.

पण त्या पद्धतीतली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. नोकरीत असताना मला निवडणुकीच्या कामाला जावं लागे. कुठल्यातरी कातळावरची एकखोली शाळा, लाखेचा वास, बाकांवर आमची अंथरुणं, आणि सकाळी रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या बायका, डोक्यावरून पदर, हातात चपला. आपलं मत देताना त्यांचे चेहरे कसे होत ते मी विसरलेले नाही. देवाला फूल वाहताना होतात तसे. एकदा मतमोजणीलाही होते. कागदांचे गठ्ठे बांधत होते. जिंकलेल्याचे गठ्ठे आणि हरलेल्याचे गठ्ठे दिसायला जवळजवळ सारखेच होते. निकाल लागला, एकाच्या गळ्यात हार पडला, आणि दुसऱ्याचे गठ्ठे तसेच टेबलावर राहिले. मला उगाचच त्या पदरवाल्या बायका आठवल्या. इतक्या लांब चालत येऊन दिलेलं त्यांचं मत आता गेलं कुठे? शिपायाने ते गठ्ठे पेटीत भरले. विचारावं असं कुणी नव्हतं.

म्हणून मुग्धाने जेव्हा सांगितलं की तिकडे दुसऱ्या कागदावर दहातल्या दोघांनीसुद्धा मत दिलं तरी ते दोघे पार्लमेंटात कुणाच्यातरी रूपाने जाऊन बसतात, तेव्हा मला ते फार सभ्य वाटलं. जेवायला बसलेल्या प्रत्येकाच्या पानात काहीतरी पडलं आहे ना, हे पाहूनच घरची बाई स्वतः बसते, तसं. आणि कोकणातल्या माणसाला वाटा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आपल्याकडे एकेका फणसाला गावभर वाटेकरी असतात. त्या वाट्याला आम्ही तकशीम म्हणतो. भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलणार नाही, पण त्याची तकशीम त्याच्या दारात ठेवून येईल.

प्रचार म्हणजे तिकडे कर्णा नाही, सभा नाही. दारोदार जायचं. मुग्धाने वर्णन केलेले जिने मी कधी पाहिले नाहीत, पण मला आता ते आपल्या घरातल्यासारखे ठाऊक आहेत: दगडी, मधोमध झिजलेले, भिंतीला खालून अर्ध्यापर्यंत हिरव्या फरशा, कुणाच्या दारापुढे मुलाची सायकल, कुणाच्या दारातून कांदा परतल्याचा वास. पत्रकं टाकायची फट दाराला खाली असते आणि तिला आतून कडक केसांचा ब्रश असतो. बोटं सोलून निघतात, आणि आत कुत्रा असला तर सोलायलाही उरत नाहीत. म्हणून ते लोक पत्रक लाकडी चमच्याने आत ढकलतात. मुग्धाने त्यासाठी आपल्याकडून नेलेला लाकडी कालथा काढला. घावने उलटायचा तो. हमीदाला हे फार आवडलं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली की बाईंची मुलगी विलायतेत कालथा घेऊन मतं मागते.

तिचे बहुतेक जिने एकाच भागातले होते, तिच्या दुकानाच्या आसपासचे. तिथे तिच्या पक्षातर्फे ॲलन उभा होता, पहिल्या कागदावर. निवृत्त बसचालक. यादीत त्याचं नाव नव्हतं. आला तर त्या भागातून थेट यायचा, नाहीतर घरी. तो येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. त्या भागातली संध्याकाळची बस बंद झाली होती, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यातून परतताना तासन्‌तास थांबावं लागे. ती माणसं औषध घ्यायला मुग्धाच्याच दुकानात यायची, आणि गोळ्या कशा घ्यायच्या हे विचारता विचारता बसचं रडगाणं सांगायची. बस परत आणायची हे ॲलनचं पहिलं वचन. मुग्धा रोज काम संपलं की ते जिने चढायची. आधी पावसात, मग चक्क गारांत. फोनवर दमलेली असायची, पण आवाजात एक चमक असायची, नव्या सायकलवर बसलेल्या मुलीसारखी. आज एका मजल्यावर तिघांनी ॲलनला मत देतो म्हटलं, म्हणून सांगायची. मी विचारायची, आणि तुला? ती म्हणायची, मला दुसऱ्या कागदावर, आई, पण आधी पहिला कागद.

मतदानाच्या दिवशी ओवी, तू फोन केला होतास. सोळा पूर्ण झालेल्यांना तिकडे मत असतं, आणि तुझं ते पहिलं. तू जवळजवळ रडकुंडीला आली होतीस. "आजी, कागदावर आईचं नावच नव्हतं! नुसतं पक्षाचं नाव." मी म्हटलं, अगं, तीच ती. तू म्हणालीस, ती कशी ती? आणि बोटाला शाईसुद्धा लावली नाही, नुसती दोरीला बांधलेली पेन्सिल. मग तू घरी येऊन पेनाने बोटावर टिंब काढलंस आणि त्याचा फोटो पाठवलास. तुमच्या आजोबांनी तो चष्मा वर करून, चष्मा खाली करून पाहिला आणि म्हणाले, काम पक्कं झालं.

शुक्रवारी संध्याकाळी, आमच्याकडे दिवेलागणी होत असताना, मुग्धाचा दोन शब्दांचा निरोप आला: ॲलन जिंकला.

आता ह्यापुढचा प्रकार आमच्याच घरात घडू शकतो. मी हिशेब असा केला: जो येणारच नव्हता तो आला, म्हणजे पक्षाचं वारं आहे, वारं आहे म्हणजे मतं वाढली, मतं वाढली म्हणजे तिसरी आलीच. इंग्रजी शिकवणाऱ्याने गणित करू नये. शनिवारी सकाळी मी तयार आंबे काढले, एकेक पुसला, आणि शेजारपाजारी पाठवले. हमीदाने तिच्या वाटचे तर घेतलेच, वर स्वतः चार घरी नेऊन दिले आणि प्रत्येक घरी बातमी जरा वाढवून सांगितली. दुपारपर्यंत मुग्धा मंत्री झाली होती. माडाच्या सावलीत उभा राहून टेम्पोवाल्याने मला विचारलं की विलायतेत आंब्याच्या पेट्या अडवतात, त्याचं ताई काही बघतील का. बघेल, मी म्हटलं.

तुमच्या आजोबांनी मात्र आंबा घेतला, खाल्ला, कोय स्वच्छ चोखली, आणि म्हणाले, यादीचा निकाल अजून यायचाय ना?

तो संध्याकाळी आला. मुग्धाचा नाही, ओवी, तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस, चिडली होतीस. पक्षाचा वाटा तीनचा ठरला, आजी, पूर्ण तीनचा. आई यायलाच हवी होती. पण ॲलन आधी थेट जिंकला ना, म्हणून तो त्या तिनात धरला. यादीतून दोघीच घेतल्या. ॲलन हरला असता तर आई आली असती.

मी फोन ठेवला आणि पडवीत येऊन बसले. हमीदा तिथेच होती. तिला मी सगळं सांगितलं, सांगताना मलाच ते नीट कळत गेलं. तुमचे आजोबाही येऊन बसले. ते म्हणाले, गावी वेळणेश्वरला आपल्या सामाईक रायवळ आंब्याच्या झाडाचं असंच नाही का? लोणच्याला ज्या घराने कैऱ्या आधी उतरवून नेल्या, त्या घराच्या ढिगातून पुढे तेवढे आंबे वजा. नाहीतर ज्याची शिडी लांब, त्यालाच सगळं मिळायचं. न्याय बरोबर आहे.

"बरोबर कसा?" हमीदा म्हणाली. "कैऱ्या नेल्या त्या ॲलनने, न ढीग कमी केलात पोरीचा."

"ॲलन आणि मुग्धा एकाच घरचे," आजोबा म्हणाले.

"घरचे म्हनून गळा कापून द्यायचा?"

समोर सुकायला घातलेल्या सालींवर चिलटं घोंघावत होती. मला आंबे वाटल्याची लाज वाटत नव्हती, दुसरंच काही टोचत होतं. मुग्धा लहान असल्यापासून हिशेबाची पक्की. मला जे शनिवारी संध्याकाळी कळलं ते तिला कधी कळलं असेल?

रविवारी मी तिला फोन लावला. ती अंथरुणातच होती, आवाज घोगरा. मी सरळ विचारलं, "तुला ठाऊक होतं? ॲलन आला तर तू पडणार, हे?"

"प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यापासून," ती म्हणाली.

पक्षातल्या एकीने तिला बाजूला घेऊन सांगितलंही होतं की तू आता त्या जिन्यांवर जाऊ नकोस, दुसऱ्या गावांत जा, तिथे तुझ्या यादीसाठी मतं मिळव. तुझ्याच भल्याचं सांगते. दोन दिवस मुग्धा दुसऱ्या गावांत गेलीसुद्धा. मग दुकानात एक आजीबाई आल्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. त्यांनी विचारलं, तुमच्या त्या बसवाल्याला मत दिलं तर बस खरंच येईल का?

"त्यांना काय सांगू, आई? त्याला देऊ नका, माझी जागा जाईल?"

मी म्हटलं, पण वाईट नाही वाटलं? तिने वाटलं असं कबूल केलं. फार वाटलं. मतमोजणीच्या हॉलमध्ये निकाल वाचल्यावर ॲलनने मारलेली मिठी तिला नको झाली होती. शेवटी म्हणाली, "जिना चढताना यादी डोक्यात नसते गं. दार उघडतं आणि समोर माणूस असतो."

तुम्हाला तिने हे सांगितलं नाही. आईला ठाऊक होतं हे कळलं असतं तर ओवी, तू ॲलनवर चिडली होतीस त्याहून जास्त तिच्यावर चिडली असतीस. मीही जरा चिडलेच होते. आपलं माणूस मोठ्या मनाने वागलं की आधी रागच येतो. बाकीचं नंतर, हळूहळू, कोकम पाण्यात उतरतं तसं उतरतं. आज रिक्षातला माणूस मत वाया घालवू नका म्हणतो तेव्हा मला वाटतं, ह्याला बोलवावं, सावलीत बसवून सरबत द्यावं, आणि सांगावं की बाबा, मत तर सोडच, एका बाईची हारसुद्धा वाया गेली नाही, असं एक गाव मला ठाऊक आहे. तिथे आता संध्याकाळची बस येते.

हमीदा मात्र ऐकायला तयार नव्हती. पावसाळाभर ती मुग्धाला खुळी म्हणत राहिली. गणपती झाले, दिवाळी झाली. डिसेंबरात मुग्धा पंधरा दिवसांसाठी एकटीच आली, तुमच्या परीक्षा होत्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी हमीदाने तिला जेवायला बोलावलं, मीही गेले. तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी, तव्यावर सुरमई. चुलीपुढे बसून, पाठ आमच्याकडे, हमीदाने विषय काढलाच.

"पोरी, परत तसा परसंग आला तर परत तशीच वागशील?"

मुग्धा भाकरी मोडत होती. म्हणाली, "चाची, कुवेतच्या कंपनीने आधी यूसुफला निवडलं होतं ना? मग पहिला गेला कोण?"

हे मलाही माहीत नव्हतं. कंपनीला एकच माणूस हवा होता आणि थोरल्या यूसुफचं नाव लागलं होतं. पण धाकट्या इम्रानचं नुकतंच लग्न ठरलेलं. यूसुफने मुंबईला जाऊन त्या लोकांना सांगितलं की मला नको, ह्याला न्या. आणि स्वतः बापाच्या होडीवर राहिला, पुढे बोलावणं येईपर्यंत. मुग्धाला ते त्यानेच कधीतरी सांगितलं असावं.

हमीदाने सुरमईची तुकडी उलटली. तेल तडतडलं. पाठ तशीच ठेवून ती म्हणाली, "त्यालाबी मी खुळाच म्हटला होता."

आणि मग वळून, तव्यावरची सगळ्यांत मोठी तुकडी तिने मुग्धाच्या पानात टाकली.